जुना रेंजफाइंडर, नवी खुमखुमी

पंधरा वर्षं बिनतक्रार चाललेल्या कॅमेऱ्याविषयी मनात किंतु येतो तो बहुधा नव्या मॉडेलची जाहिरात पाहिल्यावर. स्वतःचे फोटो पाहून तो क्वचितच येतो. रेंजफाइंडरवाल्यांत ही खुमखुमी जरा जास्तच. ही जमात मुळात लहान, हौशी आणि भलतीच हळवी, त्यात कॅमेरे महाग. त्यामुळे ‘बदलू की नको’ हा प्रश्न वर्षानुवर्षं चघळला जातो आणि त्यावर ऐकीव माहितीची पुटं चढत जातात. ती खरवडायला एखादा नमुना समोर असलेला बरा. लायकाचा एम९ घेऊ. सप्टेंबर २००९ मध्ये आलेला, ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. ज्यांनी तो तेव्हा ६,९९५ डॉलरला घेतला, त्यांच्यातले कित्येक जण आज २०२२ च्या एम११ कडे बघत हिशेब मांडतायत.

आधी एक किरकोळ गैरसमज उरकून टाकू. कोपऱ्यात खिडकी असलेला प्रत्येक चपटा कॅमेरा रेंजफाइंडर नसतो. फुजीफिल्मची एक्स१०० मालिका दिसायला तशी आहे, कॅमेरेही उत्तम आहेत, पण त्यांत फोकस लावण्याचं काम ऑटोफोकस करतो. खऱ्या रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. एका खिडकीतून दृश्य दिसतं, दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेली त्याचीच प्रतिमा मधल्या उजळ चौकोनात पडते. लेन्स फिरवली की तिच्या मागच्या कड्यावर टेकलेला एक छोटा रोलर मागेपुढे होतो, ती दुसरी प्रतिमा सरकते, आणि दोन्ही एकजीव झाल्या की फोकस लागला. सगळा खेळ दांड्यांचा, भिंगांचा आणि तुमच्या डोळ्याचा. एक्स१०० घेणं म्हणजे रेंजफाइंडर बदलणं नव्हे, सोडणं. सोडायलाही हरकत नाही, पण ते माहीत असून सोडावं.

‘फोकस हुकायला लागलाय, कॅमेरा म्हातारा झाला’

बदलण्याच्या विचाराचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, आणि बऱ्याच वेळा तेच चुकीचं असतं.

नव्या बॉडीत फोकस जास्त अचूक लागेल ही समजूत आकड्यांवर तपासता येते. रेंजफाइंडरची अचूकता दोन खिडक्यांतल्या अंतरावर आणि व्ह्यूफाइंडर दृश्य किती पट करून दाखवतो यावर ठरते. एम९ मध्ये हे अंतर ६९.२५ मिलिमीटर आणि पट ०.६८, म्हणजे गुणाकार साधारण ४७ मिलिमीटर. एम११ मध्ये अंतर जवळजवळ तेच, पट ०.७३, गुणाकार साडेपन्नास. फरक आहे, पण थोडका. आता १९५४ चा एम३ बघा. अंतर ६८.५, पट ०.९१, गुणाकार ६२ च्या वर. फोकसच्या अचूकतेत सत्तर वर्षांपूर्वीचा फिल्म कॅमेरा आजच्या नव्याकोऱ्या बॉडीला मागे टाकतो. एम९ च्या आयपीसवर १.४ पटीचं मोठं करणारं भिंग लावलं तर तोही जवळजवळ ६६ वर जातो. एवढं भिंग घ्यायला नव्या बॉडीच्या पैशांचा अगदी छोटासा तुकडा पुरतो.

मग फोकस हुकतो कशामुळे? तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं, रेंजफाइंडर ढळलाय का. घरच्या घरी तपासता येतं. गच्चीवर जा, किलोमीटर-दीड किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर किंवा रात्री सरळ चंद्र धरा आणि लेन्स अनंतावर टेकेपर्यंत फिरवा. चौकोनातली प्रतिमा खालच्या प्रतिमेवर तंतोतंत बसली पाहिजे. डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर रोलर जुळवून घ्यावा लागेल, आणि जाणकार कारागिराच्या हातात ते फार मोठं काम नसतं. वर-खाली सरकलेली दिसली तर डोळ्याला टोचते खरी, पण फोकस त्याने चुकत नाही. जवळचं अंतर तपासायला टेबलावर वर्तमानपत्र पसरा, तिरक्या कोनातून एक मीटरवरून एका ठरावीक ओळीवर फोकस लावा आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. कुठली ओळ ठळक आली ते पडद्यावर मोठं करून बघा. हे दोन-तीन लेन्सवर करा. सगळ्यांवर एकाच बाजूला चूक येत असेल तर दोष बॉडीत आहे, एकाच लेन्सवर येत असेल तर त्या लेन्समध्ये. काही लेन्सचा तर ॲपर्चर बंद करताना फोकसच मागे सरकतो. २०१० पूर्वीची ३५ मिलिमीटर एफ/१.४ समिलक्स ॲस्फेरिकल त्याबद्दल प्रसिद्ध आहे. ती तशीच ठेवून बॉडी बदलली तर दुखणंही नव्या घरी येतं.

दुसरं, हातातलं गणित. ५० मिलिमीटर लेन्स, एफ/१.४, समोरचा माणूस एक मीटरवर. ठळक दिसणारा पट्टा सगळा मिळून सुमारे तीन सेंटिमीटरचा. फोकस लावल्यावर चौकट जुळवताना तुम्ही मागे झुकलात, समोरच्याने हसताना मान हलवली, की डोळ्याऐवजी कान ठळक. यात यंत्राचा काय दोष?

तिसरं कारण माणसं मान्य करत नाहीत. कॅमेरा पंधरा वर्षांनी जुना झाला तसे आपले डोळेही झाले. चाळिशी लागलेला माणूस आयपीसला डोळा लावताना चष्मा काढतो किंवा जवळचा चष्मा लावतो, आणि दोन्हीत फसतो. लायकाच्या व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा डोळ्याला साधारण दोन मीटर लांब असल्यासारखी दिसते, म्हणजे तिथे वाचायचा चष्मा उपयोगाचा नाही, लांबचा लागतो. आयपीसवर फिरवून बसवायची नंबराची भिंगं मिळतात. ती मागवण्याआधी चष्म्याच्या दुकानात जाऊन चाचणीची सुटी भिंगं एकेक करून आयपीससमोर धरून बघावीत. ज्या भिंगात दुहेरी प्रतिमेच्या कडा धारदार दिसतील तो आपला नंबर. दृष्टीत तिरकेपणा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असेल, तर मात्र हे भिंग पुरत नाही आणि चष्मा डोळ्यावर ठेवूनच बघावं लागतं. तसं केलं की २८ मिलिमीटरच्या चौकटीच्या कडा दिसेनाशा होतात. अशा माणसाने नव्या बॉडीचा विचार केला तर मी त्याला हसणार नाही. एम११ मध्ये लाइव्ह व्ह्यू आहे, वर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवता येतो. एम९ मध्ये यातलं काहीच नाही.

‘मेगापिक्सेल तिपटीने वाढले, म्हणजे फोटोही तिपटीने चांगला’

एम९ चे १८ मेगापिक्सेल, एम११ चे ६०. क्षेत्रफळाने तिपटीहून जास्त, पण रेषेत मोजलं तर फरक दुपटीलाही पोचत नाही. एम९ ची फाइल ५,२१२ गुणिले ३,४७२ बिंदूंची. इंचाला ३०० बिंदू धरून छापली तर जवळजवळ साडेसतरा बाय साडेअकरा इंच. दिवाळी अंकाचं जोडपान त्यात बसतं. एम११ ची फाइल त्याच हिशेबाने पावणेबत्तीस बाय एकवीस इंचांची होते. आणि फोटो बघितला जाणार आहे तो फोनवर किंवा फार तर फोर-के टीव्हीवर, ज्याच्या अख्ख्या पडद्यावर मिळून ८.३ मेगापिक्सेल असतात. भिंतभर प्रिंट काढणाऱ्याला किंवा बारीक तुकडा कापून वापरणाऱ्याला ६० चा उपयोग आहे. बाकीच्यांना त्यातून मुख्यतः हार्ड डिस्कची खरेदी होते.

शिवाय ६० मेगापिक्सेल चुगलखोर असतात. एम११ मध्ये हात हलल्यावर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, आणि जे थरथरणं १८ मध्ये खपून जायचं ते ६० मध्ये शंभर टक्के मोठं करून बघताना उघडं पडतं. लेन्सवर कोरलेले फोकसच्या पल्ल्याचे आकडेही फिल्मच्या काळातले. ३५ मिलिमीटर, एफ/८, फोकस तीन मीटरवर ठेवला की सुमारे १.९ ते ७ मीटरपर्यंत सगळं ठळक, हा रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांचा जुना हुकमी मार्ग. तो मध्यम प्रिंटवर आजही चालतो आणि त्याच्याइतका जलद ऑटोफोकस अजून मी पाहिलेला नाही. पण ६० मेगापिक्सेल डोळे वटारून बघितले तर तो पल्ला निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. बघायचंच कशाला इतकं, हा प्रश्न वेगळा.

‘सीसीडीचे रंग पुन्हा मिळायचे नाहीत’

ही समजूत उलट्या बाजूची, म्हणजे न बदलणाऱ्यांची. एम९ मध्ये कोडॅकने बनवलेला सीसीडी सेन्सर आहे आणि त्याच्या रंगांवर लोक जीव टाकतात. ते रंग खरोखर देखणे आहेत, वादच नाही. पण सीसीडी काय आणि सीमॉस काय, दोन्हींतलं सिलिकॉन फक्त प्रकाश मोजतं, त्याला लाल-हिरवं कळत नाही. रंग ठरतात सेन्सरवरच्या बारीक रंगीत गाळण्यांनी, त्यावरच्या इन्फ्रारेड अडवणाऱ्या काचेने आणि रॉ फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलने. म्हणून एम११ च्या फाइलवर नीट काम केलं तर त्या रंगांच्या बरंच जवळ जाता येतं. हात न लावता तेच हवं असेल, तर एम९ ठेवा. आवड म्हणून ते कारण पुरेसं आहे, त्याला भौतिकशास्त्राची साक्ष काढायची गरज नाही.

सीसीडीची खरी किंमत अंधारात मोजावी लागते. एम९ चा आयएसओ २,५०० ला संपतो आणि माझ्या मते १,२५० नंतरच सावल्या किरकिऱ्या होतात. देवळातली पहाटेची काकड आरती घ्या, समया आणि एखादा पिवळा बल्ब. एफ/२ आणि १,२५० वर शटर मिळतो १/१५ सेकंदाचा. खांब ठळक येतो, टाळ वाजवणारे हात पुसट. नव्या सेन्सरवर आयएसओ ५,००० सहज वापरता येतो, शटर थेट १/६० वर, आणि हात हात दिसतात. ज्याचं काम अशाच उजेडात चालतं त्याच्यासाठी बदलाचं हे सगळ्यात सच्चं कारण. त्याआधी एकच पायरी करून बघावी. हाताशी एफ/२ ची लेन्स असेल तर एफ/१.४ ची घेतल्याने शटर दुप्पट वेगाचा होतो आणि ती लेन्स पुढच्या कुठल्याही बॉडीवर चालते.

‘दुरुस्त करत करत जन्मभर वापरू’

फिल्म कॅमेऱ्याबद्दल हे बऱ्याच अंशी खरं आहे. एम३, एम२, एम४ यांत विजेचा संबंधच नाही, आणि शटरचा कापडी पडदा, स्प्रिंगा, ग्रीस हे सगळं बदलता येतं. १९८४ च्या एम६ मधलं मीटर बंद पडलं तरी शटर बॅटरीशिवाय सगळ्या वेगांवर चालतो. तो कापडी पडदा मात्र उन्हात जपावा. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्याने लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून टेबलावर पडला तर पडद्याला टाचणीएवढं भोक पडू शकतं, आणि मग प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका.

हीच श्रद्धा डिजिटल बॉडीवर ठेवली की पंचाईत होते. एम९, एम९-पी, त्या काळचा एम-ई आणि पहिला मोनोक्रोम या सगळ्यांच्या सेन्सरवरची काच ओलाव्यापुढे नाजूक निघाली. लेपाला जिथे सूक्ष्म छिद्र, तिथून ती आतून झिजत जाते. कंपनीने २०१४ च्या अखेरीस हे मान्य करून सेन्सर मोफत बदलून दिले, पण ती योजना केव्हाच संपली. काही स्वतंत्र कारागीर नुसती वरची काच बदलून देतात. खर्च आणि धोका दोन्ही आपले.

तुमच्याकडच्या एम९ ला हे लागलंय का ते आजच बघता येईल. लेन्स एफ/१६ वर बंद करा, फोकस मुद्दाम बिघडवून भरउजेडात पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट चढवा. धुळीचे कण गडद, सुटसुटीत ठिपके म्हणून दिसतील, फुगा मारला की जागा बदलतील किंवा जातील. काच झिजल्याचे डाग तिथेच राहतात, मधोमध ठिपका आणि भोवती फिकट कडं, आणि ओल्या स्वॅबने पुसूनही ढिम्म हलत नाहीत. असे डाग मोजकेच असतील आणि तुम्ही एफ/४ च्या आसपासच फोटो काढत असाल तर ते फोटोत उमटणारही नाहीत, वापरत राहा. संख्या वाढत असेल तर मात्र बदलाचा विचार भावनेवर सोडू नका.

नवं म्हणजे निर्दोष, असंही नाही. २००६ चा एम८ बाजारात आल्यावर लक्षात आलं की काळं नायलॉन त्याला जांभळट दिसतं, कारण सेन्सरवरची काच इन्फ्रारेड पुरेसं अडवत नव्हती. कंपनीला प्रत्येक ग्राहकाला दोन फिल्टर फुकट द्यावे लागले. नव्या मॉडेलला वर्षभर दम खाऊ द्यावा, हे माझं ठाम मत.

लेन्सबद्दल फारसं लिहायला नको. १९५४ पासूनच्या एम माउंटच्या बहुतेक लेन्स आजच्या बॉडीवर चढतात, त्याआधीच्या आट्यांच्या लेन्सही अडॅप्टर लावून. दोन सावधगिऱ्या. बॉडीत ढकलून बंद होणारी जुनी लेन्स डिजिटल बॉडीत मिटू नये, आणि जुन्या २१ मिलिमीटर सुपर ॲन्ग्युलॉनसारख्या लेन्सच्या कडांना जांभळट छटा येतात. नव्या सेन्सरवर ती छटा कमी असते.

‘लायका म्हणजे सोनं’

फिल्म बॉडी आणि लेन्सना हे बऱ्यापैकी लागू आहे. एम६ ला मागणी इतकी वाढली की कंपनीने २०२२ मध्ये तो नव्याने बाजारात आणला, ५,२९५ डॉलरला. डिजिटल बॉडी मात्र इतर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूसारखीच उतरते, फक्त जरा सावकाश. गुंतवणूक म्हणून एम११ घेतोय असं कुणी घरी सांगत असेल तर ती घरच्यांची समजूत काढणं झालं. बाजारात आला तेव्हा एम११ ची किंमत होती ८,९९५ डॉलर, भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी.

सोन्याच्या नावाखाली पितळही विकलं जातं. जुन्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, नाझी चिन्हं कोरलेला ‘युद्धातला लायका’ दिसला तर तो बहुधा सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतो. हे दोन्ही कॅमेरे मुळात लायकाचीच नक्कल म्हणून कारखान्यात बनले, त्यावर नाव खोडून नवं कोरणं हा पुढचा उद्योग. झोर्की म्हणून स्वस्तात मिळाला तर मजेचा कॅमेरा आहे.

लायकाची ऐपत नसलेल्यांचा रेंजफाइंडर म्हणजे याशिका इलेक्ट्रो ३५, १९६६ पासूनचा. तो बंद पडला म्हणून टाकून देतात त्याचं कारण बरेचदा बॅटरी. त्याची ५.६ व्होल्टची पारा असलेली बॅटरी आता बनत नाही, आणि बॅटरी नसली की शटर १/५०० वरच अडकून राहतो. अडॅप्टरमध्ये आजची सहा व्होल्टची बॅटरी बसते. घेताना लिव्हर ओढून कान द्यावा. ओढता ओढता मध्येच ‘टक्’ असा ठणठणीत आवाज यायला हवा. नाही आला तर आतल्या रबराच्या बारीक तुकड्याचा भुगा झालाय आणि मीटर भरवशाचं राहिलेलं नाही. मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नये, तो घरीसुद्धा बदलता येतो.

‘वापरत नाही, कपाटात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’

कोकणात आणि मुंबईत हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. बंद कपाट, चामड्याची केस आणि जूनपासूनची दमट हवा, एवढं बुरशीला पुरतं. लेन्समागे टॉर्च धरून तिरकं बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसले की ती बुरशी. लवकर सापडली तर साफ होते, उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन टाकते. व्ह्यूफाइंडर धुरकट झाला की मधला चौकोन फिका पडतो आणि मालकाला वाटतं, आता नवा घ्यायला हवा. त्याला हवी असते सफाई. चामड्याची केस फेकून द्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल किंवा विजेवरची ड्राय कॅबिनेट, आर्द्रता ४० ते ५० टक्के. आणि कॅमेरा महिन्यातून दोनदा तरी हातात घ्या, शटर सगळ्या वेगांवर चालवा.

एवढं सगळं तपासूनही बदलायचंच ठरलं, तर माझी पसंती एम११ ला नसून सेकंडहॅन्ड एम१० ला राहील. २०१७ चा, २४ मेगापिक्सेल, सीमॉस, लाइव्ह व्ह्यू असलेला. एम९ वाल्याला अंधारात जी उडी हवी असते ती यात बऱ्यापैकी मिळते आणि फाइलही आटोक्यात राहते. लेन्स विकू नका, फक्त बॉडी विका. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात जाताना आपली नेहमीची लेन्स आणि आपलंच मेमरी कार्ड बरोबर न्या. दिसेल तितक्या लांबच्या इमारतीच्या टोकावर अनंताचा फोकस बघा, एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, आणि कार्ड घरी आणून कॉम्प्युटरवर पाहीपर्यंत बयाणा देऊ नका.